गोपालपुऱ्याची धूळ आणि चकचकीत गाडी

मे महिन्यातली सकाळ. जयपूरच्या टोंक रोडवरून गोपालपुरा बायपासला वळलं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवणी वर्गांच्या पाट्या, कचोऱ्यांच्या कढया आणि चहाच्या थड्या सुरू होतात. थडी म्हणजे इथली टपरी. पुढच्या मोठ्या चौकाचं नावच मुळी ‘गुर्जर की थडी’! आतल्या वसाहतींत शिरलं, की दारोदारी गाड्या उभ्या आणि प्रत्येक गाडीवर बदामी रंगाचा पातळ थर. त्यातलीच एखादी परवा डिटेलिंग करून आणलेली असते. आसनं-गालिचे धुतलेले, रंगावर पॉलिश आणि वर मेणाचा हात. खर्च चांगला झालेला. आणि दोन रात्रींत येरे माझ्या मागल्या!

इथं दोष कुणाचाच नाही. पश्चिमेला थरचं वाळवंट, मध्ये अरवलीच्या टेकड्या आणि त्यांतल्या खिंडी. एप्रिल ते जून वाऱ्याला वाट मोकळी असते. ‘आंधी’ आली, की बंद खिडकीच्या फटीतूनही माती आत येते. तिथं उघड्यावरच्या गाडीची काय कथा?

पण गंमत अशी, की नुसती पडून राहिलेली धूळ रंगाचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतं ते फडकं. या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. काठिण्याच्या दहाच्या मापावर क्वार्ट्झ सातावर आहे, काच त्याच्याही खाली. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर तर केसापेक्षा पातळ आणि कितीतरी मऊ. कोरड्या फडक्यानं घासलं, की तेच कण पॉलिश कागदासारखे फिरतात. मग उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे चमकतात. मुलं धुळीवर बोटानं नावं लिहितात ना, तीही धूळ गेल्यावर ओरखड्यांच्या रूपानं मागे राहू शकतात!

सकाळी सायकलवरून येणारा गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत चार-पाच गाड्या आटोपतो. चौथ्या गाडीला ते पाणी नसतं, गाळ असतो. त्याला रागावून उपयोग नाही. घरातून दुसरी बादली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबरची फडकी काढून द्यावीत. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

त्याआधी मात्र धूळ भिजवून खाली आणायची. त्यासाठी पाइप नको, बागेची झारी पुरते. टपापासून सुरुवात करून हळूहळू पाणी सोडलं, की बरीचशी माती वाहून जाते. मग हलक्या हातानं, न दाबता, सरळ रेषेत पुसायचं. बाजारात मिळणारे बिनपाण्याचे फवारे हलक्या धुळीला ठीक, आंधीनंतरच्या जाड थराला नव्हेत. कव्हर घालायचं तर स्वच्छ गाडीवरच. धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं फडफडतं आणि रात्रभर घासत बसतं. समोरच्या काचेवर कोरडे वायपर फिरवू नयेत, आधी पाणी मारावं. डॅशबोर्डला तेलकट चकाकी आणणारं पॉलिश लावू नये. धूळ त्यालाच आधी चिकटते.

बोअरचं पाणी असेल, तर सावलीत धुऊन लगेच टिपून घ्यावं. हे पाणी बहुधा जड. उन्हात थेंब वाळले, की पांढरे डाग बसतात. कबुतरांचं प्रकरण निराळंच. जयपूरकर त्यांना चौकाचौकांत भक्तिभावानं दाणे टाकतात, आणि ती खाऊन येऊन कुठं बसतात हे कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्याला विचारावं! विष्ठेतली आम्लं तापलेल्या रंगात लवकर मुरतात. खरवडू नये. ओला कपडा दोन-चार मिनिटं ठेवून अलगद उचलावा.

आणि झारीच का, पाइप का नको? जयपूरला पूर्वी पाणी देणारा रामगढचा तलाव एवढा भरलेला असे, की 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकांच्या शर्यती तिथं झाल्या होत्या. पुढे तो कोरडा पडला. 2009 पासून शहराला टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाचं पाणी येतं, शंभराहून अधिक किलोमीटरवरून. भूजलाचा उपसाही इथं मर्यादेपलीकडे गेलेला आहे. पाइप चालू ठेवला, की पाच-दहा मिनिटांत शे-दीडशे लिटर सहज वाहून जातात. झारी आणि दोन बादल्यांत तीस-चाळीस लिटरमध्ये भागतं. बंगळूरमध्ये तर मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर पाच हजार रुपये दंड लागला होता. गोपालपुऱ्यात मात्र भर उन्हाळ्यात गल्लीतून वाहणारा साबणाचा ओघळ आजही दिसतो.

जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी पश्चिमेकडचं आकाश मातकट होतं. बायका गच्चीवरचे कपडे ओढून घेतात, दारं आपटतात, थडीवाला बरण्या झाकतो. आधी धूळ, मग मोजून दहा-वीस टपोरे थेंब. सकाळी सगळ्या गाड्या चित्त्यासारख्या ठिपकेदार! एखाद्या घरातली गृहिणी तुळशीला पाणी घालून उरलेली झारी तशीच दारातल्या गाडीच्या टपावर रिकामी करते, आणि बादली घेऊन आलेला मुलगा पहिलं फडकं पिळतो.