सराफ्यात ११ टक्के

इंदूरला निघण्याआधी आठच दिवस नवा मोबाइल घेतला. ५००० एमएएचची बॅटरी, दोन दिवस सहज चालेल, असे दुकानदाराचे म्हणणे. घरी चालतेही, पण प्रवासाचे गणित निराळे.

सकाळी ७ ला शंभर टक्के भरून महेश्वरला गेलो. अहिल्याबाईंचा घाट, नर्मदा, आणि डिसेंबर असूनही लख्ख ऊन. उन्हात मोबाइलचा पडदा आपोआप उजळतो आणि बॅटरी खातो. मानपूरच्या घाटात रेंज सारखी जाई. तेव्हा टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो. त्यात नकाशा चालूच. संध्याकाळी राजवाड्याच्या सातमजली दरवाजासमोर ३४ टक्के उरले.

सराफा मात्र रात्रीच बघावा. दिवसा सोन्याचांदीचा बाजार. पेढ्या मिटल्या की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबीचा थोरला भाऊ जलेबा! पैसे फोनवरूनच द्यायचे. शिवाय दहीवड्याचा द्रोण हवेत उडवणाऱ्याचे चित्रण लेकीला हवेच होते.

"साकु!" आमची धारवाडची सौभाग्यवती म्हणाली. "अव्वाला फोन करायचाय." तिचा जुना फोन महेश्वरातच मिटला होता. अव्वांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. रात्री लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना झोप नाही. ११ टक्के. डेटा बंद केला, पडदा मंद केला. नुसत्या बोलण्याला बॅटरी फार लागत नाही, हे बरे.

"ऊट आयता?" अव्वांचा पहिला प्रश्न. काय काय खाल्ले ते सांगून होईपर्यंत ८ टक्के झाले.