तिखट ताटात, पातेल्यात नको

नंदुरबार,
१२ नोव्हेंबर

चि. भाऊस,


परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, रोज रात्री रांधू तरी काय?" आणि तेवढ्यात धाकटी रडायला लागली, बोलणं तिथंच राहिलं. म्हणून आता निवांत लिहिते. वहिनीची दवाखान्यातली ड्यूटी आठ वाजता सुटते, तू शाळेतून येऊन दोन्ही मुलांना शेजारच्या काकूंकडून आणतोस, सात वाजलेले असतात, थोरल्याला भूक आवरत नाही, धाकटीला झोप. अशा वेळी ओट्यापाशी उभं राहून 'आज काय करावं' हा विचार सुरू केला, तर कुणाचाही धीर सुटेल. रांधणं तुला येतं. कस लागतो तो ठरवण्यात. ते ठरवणं संध्याकाळी सातवरून काढून रविवारी दुपारी नेऊन ठेव, म्हणजे अर्धं ओझं उतरेल.

नवे पदार्थ शोधायच्या नादी लागू नकोस. आपल्या खान्देशानं रात्रीच्या जेवणाचा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. दुसऱ्या गावच्या माणसांना नवल वाटतं, पण आपल्याकडे कितीतरी घरांत रात्री खिचडीच असते. आजारपणातली पातळ मुगाची नव्हे, चांगली तूरडाळीची, लसणाची, शेंगदाण्यांची, वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल, सोबत पापड आणि कढी. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला एका पातेल्यात सगळं घर जेवू घालायचं होतं, त्या गरजेतून ही रीत पडली असावी. तुझीही गरज तीच आहे. फरक एवढाच की शेताऐवजी शाळा आणि दवाखाना आहे.

खिचडीला दोन वाट्या तांदळाला एक वाटी तूरडाळ घे. डाळ नवापूरची मिळाली तर पाहायलाच नको, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि ते तिनं चवीवर मिळवलं आहे. सकाळी निघताना डाळ-तांदूळ मोजून एका डब्यात काढून ठेव, आल्या आल्या धुऊन भिजत घाल, मुलांचे हातपाय धुऊन होईपर्यंत ती कुकरला लावण्याजोगी होते. धान्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं ते धान्य भरून काढतं. दोन्ही एकत्र शिजली की मुलाच्या वाढीला लागणारं प्रथिन पुरं होतं. वरचं कच्चं तेल तर लहान मुलांसाठी मोलाचं. त्यांचं पोट एवढंसं, दोन-चार घासांत भरतं, म्हणून त्या घासांतच ताकद असावी लागते. चमचाभर तेलानं ती येते. एक मात्र कटाक्षानं पाळ: धाकटीच्या वाट्याला अख्खा शेंगदाणा जाऊ देऊ नकोस. चार-पाच वर्षांपर्यंत तो घशात अडकायची भीती असते. घरात दाण्याचा कूट करून ठेव आणि खिचडीत तोच घाल.

आता मुख्य गोष्ट. आपण मिरचीच्या गावचे. दिवाळीच्या सुमाराला बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरतात, आणि त्या दिवसांत नंदुरबारात शिरणाऱ्याला आधी शिंक येते, मग गाव दिसतं. इथल्या माणसाला झणझणीत नसलेलं जेवण जेवण वाटत नाही. तुझ्या घरात रोज दोन स्वयंपाक होतात त्याचं मूळ इथंच आहे. तुमच्यासाठी तिखट भाजी, मुलांसाठी वेगळा वरणभात, आणि त्यातही थोरला म्हणतो मला नूडल्स दे. मग गॅसवर तीन भांडी आणि घासायला सहा.

यावर माझा एकच नियम आहे. तिखट ताटात घालायचं, पातेल्यात घालायचं नाही. पातेल्यात हळद, मीठ, जिरं, आलं, लसूण, कोथिंबीर, धण्याची पूड, धडगावचं आमचूर, जे हवं ते जाऊ दे. सातपुड्यातल्या बाया उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून दगडांवर वाळवतात, त्या आमचुराची चिमूट पडली की बिनमिरचीची डाळही खमंग लागते. मग त्याच पातेल्यातून मुलांच्या वाट्या आधी भरून घे. त्यानंतर छोट्या कढल्यात तेल तापवून लसूण आणि लाल मिरची परत, आणि ती फोडणी तुमच्या दोघांच्या ताटात वरून घाल. कढल्याचाही कंटाळा आला तर बाटलीत ठेचा असतोच. चव तुमचीही राहते, मुलांचीही राहते, आणि सगळे एकाच पातेल्यातलं जेवतात. थोरला हळूहळू स्वतःच बोटाच्या टोकानं तुझ्या ताटातला ठेचा चाखायला लागेल. तिखटाची ओळख तशीच व्हावी, त्याच्या मर्जीनं.

आता वार बांधून घेऊ. रोज वेगळं काही सुचायला हवं, हा हट्ट मोठ्या माणसांचा असतो. मुलांना ठरलेलं आवडतं. 'आज बुधवार, आज फुनके' हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं आणि तो त्याची वाटही पाहतो.

सोमवारी खिचडी-कढी. मंगळवारी उडदाची डाळ आणि भाकरी. ही डाळ तू तिकडे पाड्यांवर जेवला असशील. सातपुड्यात भिलांच्या आणि पावऱ्यांच्या घरी पाहुण्यापुढे ती येते, आपल्या घरीही ती आहेच. सालाची डाळ सकाळी भिजत घातली की संध्याकाळी कुकरमध्ये लवकर शिजते. चांगली घोटली की धाकटीला त्यात भाकरी कुस्करून देता येते. बुधवारी फुनके. भिजवलेली तूरडाळ जाडसर वाटून त्यात कांदा, कोथिंबीर, लसूण घालायचा, मुटके वळून चाळणीवर वाफवायचे. उकड होईपर्यंत शेजारच्या शेगडीवर कढी होते. मुलांना हातात धरून खाता येतं, हा फुनक्याचा मोठा गुण. तुमच्या वाट्याच्या पिठात हिरवी मिरची शेवटी मिसळ, आणि ते मुटके लांबट वळ म्हणजे ओळखू येतील. डाळ भिजवून तू दिवसभर बाहेर राहणार असलास तर ती फ्रिजमध्ये ठेव, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आंबते.

गुरुवार भाजी-पोळीचा, बाजारात जी भाजी ताजी असेल ती. शुक्रवारी अंडी, उकडून किंवा कांदा-टोमॅटोत. शनिवारी वरणफळं, म्हणजे पोळ्या लाटत बसायला नको, कणकेचे तुकडे थेट वरणात. आणि रविवारी, दोघंही घरी असाल तेव्हा, वरण-बट्टी नाहीतर भरीत आणि कळण्याची भाकरी. आता थंडी पडेल, भरताची वांगी येतील. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळण पिठाच्या गिरणीतून एकदाच आणून ठेव. धान्य आणि डाळ त्या भाकरीतच एकत्र आलेली असतात, वेगळं वरण लावलं नाही तरी चालतं.

हा क्रम दगडावरची रेघ नाही. बुधवारी उशीर झाला तर फुनक्याऐवजी खिचडी कर, कुणी विचारणार नाही. पण कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लाव, कारण त्यानं आणखी एक काम होतं. वहिनी आधी घरी आली तर तिला तुला फोन करून विचारावं लागत नाही. घरात काय शिजायचं हे एकाच्याच डोक्यात राहिलं, की रांधायचं कामही हळूहळू त्याचंच होऊन बसतं. आपल्या आईच्या बाबतीत ते तसंच झालं. तुझ्या घरात ते दोघांचं असावं, म्हणून हा कागद.

रविवारी दुपारी थोडा वेळ काढ. लसूण सोलून ठेव, हे काम थोरल्याकडे दे, पाच वर्षांची बोटं लसूण छान सोलतात. मेथी निवडायलाही त्याला बस म्हण. स्वतः निवडलेली भाजी मूल सहसा ताटातून ढकलत नाही. दाण्याचा कूट, धण्या-जिऱ्याची पूड, आल्या-लसणाचं वाटण, एवढं तयार असलं की रोजची संध्याकाळ हलकी होते. भात किंवा खिचडी उरली तर रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. शिजलेल्या भातात गरम हवेत असे जंतू वाढतात, की त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. तास-दोन तासांत झाकून फ्रिजमध्ये ठेव आणि सकाळी चांगली वाफ येईपर्यंत गरम कर.

आता मुलांच्या खाण्याबद्दल. थोरला खात नाही म्हणून तू ताट घेऊन त्याच्या मागे फिरतोस, मोबाइल दाखवून घास भरवतोस. ते सोडून दे. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी एक साधी विभागणी सांगितली आहे: काय द्यायचं, केव्हा द्यायचं आणि कुठे बसून खायचं, हे आईबापांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. अंगणवाडीच्या कामात मी हे रोज पाहिलं. जबरदस्ती केली की मूल तोंड मिटतं, इतर मुलांबरोबर ओळीत बसवलं की तेच मूल वाटी पुसून खातं. नवी भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणजे ती आवडत नाही असं नसतं. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ताटात दिसल्यावर मूल ती चाखतं. म्हणून पालेभाजीचा एक चमचा ताटात वाढत राहा आणि त्याबद्दल काही बोलू नकोस. ताटात एक पदार्थ मात्र असा असू दे की जो तो नक्की खातो, म्हणजे तो उपाशी उठणार नाही.

सातच्या भुकेला वेफर्सचं पाकीट फोडू नकोस. घरात शिरल्याबरोबर केळं दे, नाहीतर शहाद्याकडची पपई कापून ठेवलेली असू दे. तेवढ्यानं त्याचं रडणं थांबतं आणि आठला जेवणाची भूकही राहते. जेवताना ताटात लिंबाची फोड ठेव. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जातं, हे वहिनीला माहीत असेलच, पण तुला चहाचं वेड आहे म्हणून लिहिते.

भाऊ, हे सगळं इतकं सविस्तर लिहायला कारण आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. तेव्हापासून नंदुरबारचं नाव बाहेर बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत निघतं. अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवर काम करताना मी ते जवळून पाहिलं आहे. शासनानं २०१५ साली आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण सुरू झालं, पुढे मुलांना अंडी किंवा केळी मिळू लागली. त्या जेवणाचं मोल मी जाणते. पण अंगणवाडी दुपारी बंद होते. रात्रीचं जेवण घरचंच असतं, आणि मूल रात्री नीट न जेवता झोपलं की सकाळपर्यंतचा मोठा पल्ला ते रिकाम्या पोटी काढतं. पाड्यावरच्या आईला मजुरीवरून यायला अंधार पडतो, तुला शाळेतून यायला सात वाजतात. तुझ्या हाताशी गॅस आहे, फ्रिज आहे, पगार आहे. तिच्यापाशी चूल असते आणि ज्वारी, मका, मोर नावाचं भरडधान्य, उडीद असतात. तरीही तिच्या घरात मूल आईबापांच्या पातेल्यातलंच जेवतं, ही तिची रीत चांगली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा शहरातल्या दुकानांत ज्वारी-भगरीची पाकिटं सजली. सातपुड्यातल्या शेतकऱ्यांनी ही धान्यं त्याआधीही पेरली आणि जपली. तुझ्या वर्गातली मुलं त्यांच्याच घरची आहेत. रात्री काय जेवलात, असं त्यांना कधी सहज विचार. भाकरी आणि उडदाची डाळ असं कुणी सांगितलं तर 'आमच्याकडेही तेच होतं' असं म्हण. मास्तरांच्या घरी आपलंच जेवण शिजतं हे कळलं, की त्या मुलांना आपल्या ताटाची लाज वाटणार नाही.

या आठवड्यात सगळं एकदम सुरू करू नकोस. सोमवारची खिचडी आणि मंगळवारची उडदाची डाळ, एवढंच ठरव. ते अंगवळणी पडलं की बुधवार जोड. चौघांनी एकत्र बसायचं, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. ज्या दिवशी वहिनीला उशीर होईल त्या दिवशी मुलांना थांबवू नकोस, त्यांना वेळेवर वाढ, आणि ती आली की तू तिच्याबरोबर बस.

नवापूरची तूरडाळ आणि दाण्याचं तेल मी रविवारी तळोद्याच्या एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. डबा रिकामा झाला की कळव. वहिनीला आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझी,
ताई