रॉकेलमधली माती

मॅगझिनच्या मराठी विभागाच्या संपादकाने मला गाठलं ते मेसमध्ये, रविवारच्या फीस्टला. "आपल्या कॉलेजात काय काय संशोधन चालतं, त्यावर दोन पानं लिहून दे." मी म्हटलं, "अरे, मी कॉन्व्हेंटवाली! आमच्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. मला अजून 'की' ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही." तो म्हणाला, "मग तर बेस्ट. जड शब्द येणार नाहीत."

तेव्हा मित्रांनो, चुका पोटात घाला.

खरं सांगायचं तर विषय ऐकून मला हसूच आलं होतं. संशोधन? आपल्याकडे? संशोधन म्हणजे आयआयटी, इस्रो, भाभा अणुसंशोधन केंद्र. आपण काय, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणारी मंडळी! थोड्या मार्कांनी मोठ्या नावाचं कॉलेज हुकलं आणि 'इथं' यावं लागलं, असं मी तीन वर्षं मनात धरून बसले होते. पण शब्द दिला होता. वही घेतली आणि निघाले.

पहिला मुक्काम मेटलर्जी. तिथे पीएच.डी. करणाऱ्या एका दादाने पोलादाचा एक तुकडा हातात दिला. यात सुमारे बारा टक्के मँगनीज. रॉबर्ट हॅडफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८८२ मध्ये हे पोलाद शोधलं. त्याची गंमत म्हणजे ते जितका मार खाईल तितकं पृष्ठभागावर कडक होत जातं! म्हणून खडी फोडणाऱ्या क्रशरचे जबडे आणि रेल्वेची क्रॉसिंग त्याची करतात. आणि मँगनीज कुठलं? नागपूर, भंडारा, बालाघाट. म्हणजे आपल्याच अंगणातलं. दादा क्रशरची झिजलेली प्लेट घेऊन ती लवकर का झिजली ते शोधत होता.

पुढे पर्यावरणाची लॅब. टेबलावर बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एका गावाच्या बोअरवेलचं लेबल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून बरंच जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर डाग पडतात, मग हाडं आणि सांधे ताठरतात. नागपूरच्या 'नीरी'ने यावर नालगोंडा पद्धत काढली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, बस्स. पण त्यातून जो गाळ उरतो तो टाकायचा कुठे, हा प्रश्न मागे राहतो. आमची ताई त्याच प्रश्नाच्या मागे लागली होती.

इलेक्ट्रिकलमध्ये शेतीपंपाची जळालेली मोटर उघडून ठेवलेली. तीनपैकी एक फेज गेली तरी मोटर फिरत राहते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. ते टाळणारी यंत्रं बाजारात आहेत. पण रात्री दोनला दोनच फेजवर लाइट आली, की काही शेतकरी ते यंत्रच बायपास करतात आणि कपॅसिटर लावून पाणी काढतात. पीक वाळत असताना थांबणार कोण? "आमचा प्रॉब्लेम सर्किटचा नाही गं," तिथला एक मित्र म्हणाला, "माणूस जे काढून फेकणार नाही असं सर्किट बनवायचं आहे."

आता मला जरा लाज वाटू लागली होती.

सॉइल लॅब मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. मी सिव्हिलची, मला तिथलं सगळं माहीत, हा गर्व! गेले तर लॅबमधले मामा दोन काचेच्या उंच नळ्या भरत होते. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम वाळवलेली, चाळलेली काळी माती. चोवीस तास ठेवायचं. पाण्यातली माती फुगते, रॉकेलमधली फुगत नाही. दोन्हींतला फरक टक्क्यांत काढला की झाला फ्री स्वेल इंडेक्स. ५० च्या वर गेला की माती अतिशय फुगणारी. हे मी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते.

मामांनी विचारलं, "गाव कोणतं तुझं?" म्हटलं, "नागपूरलाच राहतो. मूळ गाव वर्धा जिल्ह्यात." "मग घरं तडकत असतील तिकडची."

मी गप्प झाले. कारण आमचं घर तडकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी काकांनी गावच्या जुन्या मातीच्या घराला लागून स्लॅबची खोली बांधली. बांधली कुणी, तर आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, लहानपणच्या दोस्ताने. आम्ही त्यांना मिस्त्रीबाबा म्हणतो. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली. काका चारचौघांत बोलले, "मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं." त्या दिवसापासून मिस्त्रीबाबांचं संध्याकाळचं येणं बंद झालं. आबाजी पानाचा डबा उघडायचे, एकच पान लावायचे. पन्नास वर्षांची दोस्ती, एका भेगेत गेली. काकांचं आता चाललं होतं की एक एकर विकू, खोली पाडू आणि नवी बांधू.

होळीला गावी गेले तेव्हा पाया जिथे टेकला होता तिथपर्यंत खणून पिशवीभर माती आणली. आजी म्हणाली, "बाप्पा, माती कायले नेतं वं? कॉलेजात माती नाही का?" मामांच्या नजरेखाली सगळं स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर, पाण्यात २३. म्हणजे १०९ टक्के! मी नाचतच सरांकडे गेले. "सर, मिस्त्रीबाबा निर्दोष!"

सरांनी चष्मा काढला. "चाचणी मातीची झाली, मिस्त्रीची नाही. माती फुगते एवढंच तू सिद्ध केलंस. सिमेंट किती होतं ते या नळीत दिसत नाही." माझं तोंड उतरलेलं बघून ते म्हणाले, "भेग उन्हाळ्यात वाढते आणि पावसाळ्यात मिटते का, ते मोज. नुसत्या कमी सिमेंटाने पडलेली भेग अशी श्वास घेत नाही."

मे महिन्यात भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा केल्या. भेग रुंद होती तिथे ७ मिलिमीटर. आणि मग आबाजींना समजावायला बसले. तीच माझी खरी व्हायवा होती! मॉन्टमोरिलोनाइटला मराठीत काय म्हणायचं? मी हातवारे करत सांगितलं, मातीचे बारीक पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, ते दूर सरकतात. वाळले की पुन्हा जवळ येतात. आबाजी म्हणाले, "म्हणजे कांद्यावानी? मग असं सांग ना. काळी माती उन्हाळ्यात सोताच नांगरते, हे मले तुह्या कॉलेजानं सांगाव लागते का?"

मी म्हटलं, "मग जुनं घर का नाही तडकलं?"

"माह्या बापानं पायात मुरूम भरला होता. टेकडीवरून बंडीनं आणून, पाणी मारून, कुटून कुटून. तुह्या काकाले घाई होती."

मला एकदम नोट्स आठवल्या. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं होतं, की फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून घातला तर वरचं बांधकाम बरंचसं वाचतं. कालव्यांच्या कामात ते वापरलंही गेलं. रुडकीच्या संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात याच मातीसाठी खाली फुगीर कंद असलेले पाइल काढले. हे सगळं मी पाठ केलं होतं, पण आपल्या घराखाली पण हेच आहे असं डोक्यात आलं नव्हतं. अर्थात सरांनी नंतर इथेही लगाम घातलाच. जुन्या मातीच्या भिंती थोडी हालचाल सहन करतात, सगळं श्रेय मुरमाला देऊ नकोस!

पोळ्याला पुन्हा गेले. बाहेर बैल सजले होते आणि मी भिंतीला पट्टी लावून उभी. २ मिलिमीटर. आजी म्हणाली, "मी तं कवाची सांगतो, पावसाळ्यात भेग दिसतच नाही. पण मले कोणी इचारलंच नाही." खरंच की! सगळ्यात आधीचं निरीक्षण आजीचं होतं.

सरांनी सांगितलेलं काकांना सांगितलं. त्याच मातीत तसाच पाया घालून बांधलं तर नवी खोलीही तडकणार. त्याऐवजी घराभोवती बाहेर उताराची फरशी करा, छताचं पाणी नळीने लांब सोडा, पायाशी ना पाणी मुरू द्या ना माती वाळू द्या. कोपऱ्यातला निंब माती सुकवतो, पण घाईने तोडू नका, तोडला तर तीच माती पाणी पिऊन फुगेल. भेग पूर्ण जाणार नाही, पण वाढणं थांबू शकेल. काका "बघू" म्हणाले. चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत. पण एकर विकायचं पुन्हा काढलं नाही.

आबाजींनी मात्र टोपी घातली. "चाल," म्हणाले. मिस्त्रीबाबांच्या ओट्यावर दोघं म्हातारे बराच वेळ नुसते बसून होते. मग आबाजींनी डबा उघडला आणि म्हणाले, "पोरगी म्हणते, माती सरकते." मिस्त्रीबाबा म्हणाले, "मी तवाच म्हणलो होतो, मुरूम आणा." दोन पानं लागली.

तर संपादकसाहेब, आपल्या कॉलेजातल्या संशोधनावरची ही दोन पानं. यादी अपुरी आहे, कारण सगळ्या लॅब पाहून झालेल्याच नाहीत. पुढच्या सेमिस्टरला मी सरांकडे प्रोजेक्ट मागितलाय: काळी माती आणि चुना. मामांनी एक नळी माझ्या नावाने बाजूला ठेवली आहे. तुमच्याही गावच्या घराला भेग असेल तर सुट्टीहून येताना पिशवीभर माती घेऊन या. रॉकेल आमच्याकडे आहे.