परसातला घुमट

मे महिना सरत आला की आमच्या कचेरीत बी-बियाण्यांच्या चौकशीबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, यंदा मृगाचं वाहन काय?" हा प्रश्न मी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे ऐकत आलो आहे. दापोलीला बी. एस्सी. कृषी करताना माती, खते, कीड, रोग सारे शिकलो. पण ज्या मृगाच्या भरवशावर आपण धूळपेर करतो तो मृग आकाशात असतो कोठे, हे मला कोणी दाखवले नव्हते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मुरबाड तालुक्यात एका म्हाताऱ्या आजीने मला हे विचारले. जूनचा पहिला आठवडा होता, ओटीवर बसलो होतो. "एवढं शिकलास, मग मिरुग दाखव की." मी बेधडक एका ठळक ताऱ्याकडे बोट केले. पुढे वांगणीला खगोल मंडळाच्या मुलांबरोबर एक रात्र उघड्यावर काढली तेव्हा माझी चूक मला कळली. मृग जूनमध्ये दिसतच नाही! मृग लागला म्हणजे सूर्य आकाशाच्या मृग नक्षत्राच्या भागात आला. तेव्हा हे नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते आणि सूर्याबरोबरच मावळते. मृग पाहायचा तर हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, हरभऱ्याला घाटे धरण्याच्या दिवसांत. हल्ली मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे ही तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पाऊस मात्र ऋतूंप्रमाणे येतो, नक्षत्राप्रमाणे नाही. आणि वाहनाचे म्हणाल, तर सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून ९ ने भागतात आणि उरलेल्या बाकीवरून बेडूक, म्हैस नाही तर गाढव ठरवतात. त्यात ढगाचा काही संबंध नाही. आजी तोवर वारल्या होत्या, त्यांना हे सांगायचे राहून गेले.

त्या खंतेतून हा नाद लागला. आमचे बिऱ्हाड मुलुंड पूर्वेला, वडिलांनी घेतलेल्या जुन्या बैठ्या घरात. मागे थोडे परस होते. तेथे आईचा अळू, कढीपत्ता आणि पडवळाचा मांडव. रोज मुलुंडहून लोकलने कल्याण आणि कल्याणहून एस. टी. ने मुरबाड, असा माझा फेरा. रात्री घरी आलो की आरसा घासत बसायचे.

आरसा घासणे म्हणजे काय, ते सांगतो. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एक खाली, एक वर. मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. वरची काच पुढे-मागे घासायची आणि आपण भोवती फिरत राहायचे. विळ्याला धार लावतात तसेच, पण इथे वरची काच मधोमध खोल होत जाते आणि खालची फुगते. माझ्या आरशाची खोली मधोमध सव्वा मिलिमीटरच्या आतच भरेल, पण तेवढ्यासाठी दोन पावसाळे गेले. भुकटी दर टप्प्याला बारीक करायची, शेवटी डांबरासारख्या राळेवर चकाकी आणायची. जाड भुकटीचा एक कण बारीक कामात राहिला तर ओरखडा पडतो आणि मागे जाऊन सगळे पुन्हा करावे लागते. माझ्यावर ही पाळी दोनदा आली.

दुर्बीण झाली, पण मुलुंडच्या परसात ती ठेवायची कशी? शेजारची ट्यूबलाइट डोळ्यांत, रस्त्यावरचा दिवा आरशात, वारा आला की दुर्बीण थरथरणार, पहाटे दंव पडणार. यावर उपाय घुमटाचा. आमच्या गल्लीत लोक म्हणाले, "म्हणजे वरळीसारखे का?" वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली उघडले. तेथे घुमटाच्या आतून आकाश दाखवतात, बाहेरचे दिसत नाही. वेधशाळेचा घुमट उलट. त्याला एक उभी फट असते, ती उघडायची आणि सगळा घुमट फिरवून फट हव्या त्या ताऱ्यासमोर आणायची. उजेड आणि वारा अडतो, तारा तेवढा आत येतो.

आपल्याकडे हे काम कोणी केलेच नव्हते असे नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवाला नावाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. त्यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींकडून देणगी मिळवली, सरकारकडूनही पैसे मिळवले आणि १८८८ साली वेधशाळा उभी केली. दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्याकडची, आरसा २० इंची. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला हेच नेगमवाला आपली यंत्रे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही उतरले होते. पुणे-सोलापूर गाडीने जाताना जेऊर स्टेशन लागते, तेथून ज्वारी पाहत जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल! नेगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली, यंत्रे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या पाठीवर उभे राहिलेले काम होते, ते त्याच्याबरोबर उठले. मी हे वाचले तेव्हा माझ्या मनाला लागले, पण त्यातून मी शिकलो काही नाही.

घुमट बांधायला मी पॉलिहाउसची विद्या वापरली. दहा फूट व्यास धरला. पॉलिहाउसचे जी. आय. पाइप वाकवणाऱ्या भांडुपच्या एका कारागिराकडून पायाची कडी आणि बरगड्या करून घेतल्या. वरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, बारा फोडींत कापलेला. मोसंबीची साल फोडीफोडीने सोलली तर ती सपाट पसरते, त्याच्या उलट करायचे. प्रत्येक फोड तळाशी सुमारे २ फूट ७ इंच रुंद, उंचीला पावणेआठ फुटांहून थोडी जास्त, वर टोकाला निमुळती. खाली चार फूट उंचीची गोल विटांची भिंत, भिंतीवर आठ चाके, आणि त्या चाकांवर कडी फिरायची.

कडी फिरेना. एका जागी येऊन अडकायची. आम्ही दोन रविवार ढकलत होतो. शेवटी मुरबाडच्या एका लोहारदादांना घेऊन आलो. बैलगाड्या गेल्या तरी चाकाला धाव चढवायची विद्या त्यांच्या हातात होती. त्यांनी मधोमध खुंटी रोवली, खळ्यातल्या मेढीसारखी, तिला दोरी बांधली आणि कडीभोवती दोरी फिरवत खडूने खुणा केल्या. कडी एका अंगाला पाऊण इंच बाहेर गेली होती. निखारे, घण, पाणी, आणि संध्याकाळपर्यंत घुमट एका हाताने फिरू लागला. दादांनी पैसे घेतले नाहीत, जेवून गेले.

पडवळाचा मांडव गेला होता हे सांगायचे राहिले. आईने काही म्हटले नाही. जानेवारी २०१३ मध्ये पहिल्या रात्री फट उघडली, तेव्हा गुरू रोहिणीजवळ होता. मी आईला स्टुलावर बसवून गुरूचे चार चंद्र दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "यांच्यापायी माझे पडवळ गेले होय." पुढच्या वर्षीपासून तिने भिंतीलगत दोडका लावला आणि वेल घुमटाच्या कडीत जाऊ लागला. तो मी दर आठवड्याला सोडवायचो.

आता जे सांगायचे म्हणून लिहायला बसलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या तालुक्यात वादळात एका शेतकऱ्याचे शेडनेट उडाले होते. त्यांना मी तात्या म्हणतो. पाहणीला मी गेलो होतो. खांब उपटलेले, जाळी बांधावरच्या बाभळीला अडकलेली, आत ढोबळी मिरचीची रोपे आडवी. मी अहवालात लिहिले, 'योग्य बांधणी नसल्याने नुकसान.' चार शब्दांचा शेरा. तात्यांना भरपाई मिळाली नाही. ते मला काही बोलले नाहीत, पण नंतर कचेरीत येईनासे झाले.

माझ्या घुमटाचे वजन भरत होते १५० किलो. मी म्हणायचो, एवढे धूड कोण उडवणार? सौ. दर पावसाळ्याआधी म्हणायची, "अहो, त्याला चार तारा तरी बांधा." तारा बांधल्या तर तो फिरणार कसा, असे मी तिला ऐकवायचो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. कुलाब्याला त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. फटीचे झाकण एका बाजूने सैल होते, ते मी आदल्या आठवड्यात पाहूनही सोडून दिले होते. वारा आत शिरला आणि घुमट कडीसकट उचलला गेला. माझ्या डोळ्यांदेखत तो कुंपणावरून गेला आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आपटला. त्या घरची सून दूध तापत ठेवून बाळ रडले म्हणून आतल्या खोलीत गेली होती. ओट्यावर पत्रा, त्यावर घुमट, आणि खाली सांडलेले दूध. ती जेथे उभी असायची ती जागा मी पाहिली.

पत्रा, ओटा, सगळे मी भरून दिले. त्यांनी तक्रार केली नाही. पण त्या सूनबाई नंतर पुष्कळ दिवस वारा सुटला की बाळाला घेऊन बाहेर येऊन उभ्या राहत.

रात्री कागद घेऊन मी हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ४८ किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. माझ्या घुमटाचे क्षेत्र सात चौरस मीटर, म्हणजे उचलणारा जोर सहज ३०० किलोच्या घरात. हेच गणित मी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात फळ्यावर मांडतो! 'योग्य बांधणी नसल्याने नुकसान.' शेरा माझ्याच अक्षरात मला दिसत राहिला.

टाळेबंदी उठल्यावर तात्यांकडे गेलो. काय झाले ते सांगितले, माझ्या शेऱ्याचेही बोललो. तात्या जरा थांबून म्हणाले, "साहेब, बांधणी बरोबर नव्हती हे खरंच होतं. पण कशी करायची ते तुम्ही उडाल्यावर सांगितलंत." मग त्यांनी मला नवे शेडनेट दाखवले. तीन फूट खोल खड्ड्यात आडवा गाडलेला लाकडी ओंडका, त्याला मधोमध तार, वर मातीचा भार. खुंटी उपटते, आडवा ओंडका उपटत नाही, कारण वरची सारी माती त्याला धरून ठेवते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, ओंडका हाताने मी कधी गाडला नव्हता.

२०२३ साली आमची घरे पुनर्बांधणीला गेली. परस गेले, आईही त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. चेपलेला घुमट भंगारात द्यावा असे मनात होते. तात्या टेम्पो घेऊन मुलुंडला आले. त्यांच्या जुन्या खळ्याची जागा रिकामी होती. लोहारदादांच्या मुलाने कडी पुन्हा गोल केली. या वेळी कडीच्या खाली इंग्रजी एल अक्षरासारखे आठ लोखंडी आकडे बसवले आहेत. घुमट फिरतो, पण वर उठू शकत नाही. शिवाय चार ओंडके गाडले आहेत, त्यांच्या तारा काम नसताना कडीला ताणून लावायच्या.

मुरबाडचे आकाश मुलुंडसारखे धुरकट पिवळे नाही. अमावास्येच्या सुमारास आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, दुर्बिणीचे मग काही राहत नाही. गेल्या जानेवारीत गावातली पोरे जमली होती. मी मृगाचा पट्टा दाखवला, तीन तारे एका रेषेत, आणि त्याखाली तलवारीतला तो धुरकट ठिपका, जेथे नवे तारे जन्मतात. एका पोराने विचारले, "मग याचं वाहन कोण?" तात्या मागून म्हणाले, "टेम्पो."

रात्री निघताना मी चारही तारा ताणतो. तात्या विजेरी घेऊन माझ्यामागून येतात आणि प्रत्येक तार पुन्हा एकदा ओढून पाहतात.