हजेरीपटावरचे नाव

पत्नीच्या शाळेच्या स्नेहमेळाव्याला जाणारा नवरा ही एक निरुपयोगी वस्तू असते. त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकही आठवण नसते आणि इतरांच्या आठवणींवर हसताना त्याचे हसू क्षणभर उशिराच येते. हे ठाऊक असूनही २०२४ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही फुलसावंगीला गेलो. खरे कारण सांगायचे तर गाडी चालवायला माणूस हवा होता.

नागपूरहून वर्धा, यवतमाळ, आर्णी करीत महागाव गाठावे आणि तेथून फुलसावंगीकडे वळावे, हा रस्ता आम्हांला नवा नव्हता. पंचवीस वर्षे आम्ही या गावचे जावई आहोत. परंतु जावयाला गाव दिसत नाही. त्याला ओसरी दिसते, पुढ्यातले ताट दिसते. शाळेची इमारत आम्ही त्या दिवशी प्रथमच आतून पाहिली. सोयाबीन निघून गेले होते, शेतांत कापूस फुटला होता आणि महागावपासून पुढे पत्नी आमच्याशी न बोलता खिडकीबाहेरच्या शेतांशी बोलत होती.

अशा मेळाव्यांचे एक ठरलेले रूप आता महाराष्ट्रभर झाले आहे. घंटा वाजते, पन्नाशीकडे झुकलेली मुले-मुली रांगेत उभी राहतात, प्रार्थना होते, दिवंगतांना श्रद्धांजली, गुरुजनांना शाल-श्रीफळ. येथेही तसेच झाले. मग वर्गशिक्षकांनी १९९३-९४ च्या दहावीची हजेरी घेतली. कोणीतरी जुन्या हजेरीपटावरून वहीत नावे उतरवून आणली होती. सर थरथरत्या आवाजात एकेक नाव घेत आणि भरदार मिशांचे गृहस्थ 'हजर सर' म्हणून उठत. हशा होई.

मुलांची नावे संपली, मुलींची सुरू झाली. सरांनी एक नाव घेतले. कोणी उठले नाही म्हणून आम्हीही उत्सुकतेने इकडेतिकडे पाहिले. तेवढ्यात आमच्या शेजारची खुर्ची सरकली आणि पत्नी उभी राहून म्हणाली, "हजर!"

ते नाव आम्हांला माहीत नव्हते असे नाही. बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर ते आहे. कपाटातल्या फायलीत ते पडून असते आणि एखाद्या कार्यालयात दोन नावांचा मेळ घालण्याची वेळ आली की बाहेर निघते. आमच्या लेखी ते नाव म्हणजे एक अडचण होती. ते हाकेचे नाव आहे, त्याला 'ओ' देणारे कोणी आहे, हे आम्ही त्या सकाळी प्रथम ऐकले.

१९९९ साली आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने नवे नाव लिहिण्यात आले. ते नाव आम्हीच सुचविले होते. तेव्हा आम्ही नुकतेच मराठीचे प्राध्यापक झालो होतो आणि वाचनात असलेल्या एका कादंबरीच्या नायिकेचे नाव आम्हांला फार काव्यात्म वाटले होते. तिला विचारावे असे कोणाला सुचले नाही. त्या 'कोणाला'मध्ये आम्हीही आलो.

याच हातांनी आम्ही वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकविले आहे. १९३४ साली ज्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला त्या ग्रंथाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या माहेरच्या मनू गोखले, हे आम्ही फळ्यावर लिहितो. रमाबाई रानडे यमुना कुर्लेकर होत्या, डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. आनंदीबाई कर्वे गोदावरी होत्या. 'लेखिकेचे माहेरचे नाव सांगा' हा आमच्याकडे एका गुणाचा प्रश्न असतो. बाळूताई खरे यांनी 'कळ्यांचे निःश्वास'साठी १९३३ साली विभावरी शिरूरकर हे नाव घेतले आणि पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, हेही आम्ही रंगवून सांगतो. एवढ्या नावांचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या घरातले एक नाव मात्र हिशेबातून सुटले होते.

जेवणाच्या पंगतीत, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बुंदी यांच्या साक्षीने, त्याचा पुरावाच मिळाला. मेळाव्याची जुळवाजुळव करणारे, गावात कृषी केंद्र चालविणारे वर्गमित्र सांगत होते, "मुलं काय भाऊजी, चार दिवसांत सापडली. आडनाव तेच, वावर तेच. मुलींना मात्र आठ महिने लागले. आडनाव बदललेलं, कित्येकींचं नावही बदललेलं. माहेरी भाऊ असला तर पत्ता, नाही तर काहीच नाही." सतरा मुलींपैकी सहा आल्या होत्या. मग ते हसत म्हणाले, "तुमच्याकडंही पहिला फोन मीच केला होता. तुम्ही म्हणालात, या नावाचं इथं कोणी नाही. अन् ठेवून दिला."

पंगत हसली. आम्हांला तो फोन आठवत नाही. परंतु तो आलाच नसेल असेही म्हणवत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर महाराष्ट्रात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिले जाते. निर्णय उत्तमच. पण आईचे कोणते नाव, हा प्रश्न त्या पंगतीत आमच्या मनात आला तो अजून गेलेला नाही.

हजेरीपटावर नाव असणे हेही शेवटी भाग्याचेच. पत्नीने एकीची चौकशी केली. सातवीपर्यंत ती हिच्याच बाकावर बसत असे. कोणाला काही सांगता येईना. तिचे लग्न सातवीनंतर झाले, म्हणजे दहावीच्या यादीत ती नाहीच. याच गावातला एक तरुण, आठवीनंतर शाळा सुटलेला, पत्र्याची कामे करता करता स्वतःचे हेलिकॉप्टर बांधीत होता; ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना पाते तुटून लागल्याने तो गेला, आणि फुलसावंगीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. त्याच्या वर्गाचाही कधी मेळावा भरेल. दहावीची यादी वाचली जाईल, आणि तीत त्याचे नाव निघणार नाही. शाळेच्या आठवणी आपण ज्यांच्या म्हणून सांगतो ते सारे शेवटपर्यंत पोहोचलेले असतात.

परतताना महागावला चहासाठी थांबलो. बराच वेळ मनात घोळविलेले वाक्य आम्ही शेवटी उच्चारले, "यापुढे आम्ही तुला त्याच नावाने हाक मारावी का?"

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "नको. तुमच्या तोंडी ते पाठ केल्यासारखं वाटेल. ते राहू द्या तिकडंच, त्यांच्यापाशी."

रागावून म्हणाली असती तर बरे झाले असते. ती सहज म्हणाली, आणि फोनवर आलेली छायाचित्रे पाहू लागली. मेळाव्याच्या गटावर तिला दिवसभर त्याच नावाने निरोप येत होते.

ते नाव आम्ही येथे लिहिलेले नाही. एकदा न विचारता एक नाव दिले. आता न विचारता दुसरे छापण्याचा अधिकार आम्हांला नाही. पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत मात्र तो एका गुणाचा प्रश्न आम्ही ठेवणार नाही. नाव का बदलले, कोणी बदलले आणि तिला कोणी विचारले होते का, असा दहा गुणांचा प्रश्न काढू. उत्तरे तपासणे आम्हांला जड जाईल, हे आताच दिसते आहे.