मेथीची जुडी आणि 1848 सालचं वाचनालय

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली 1853 साली. सत्तावनचं बंड त्यानंतरचं, मुंबई विद्यापीठही सत्तावनचंच, आणि ‘केसरी’ निघाला 1881 साली. पुण्यातलं एक वाचनालय या सगळ्यांच्या आधीचं आहे! 1848 सालचं! आणि ते कुठे काचेच्या कपाटात जपून ठेवलेलं नाही. मंडईतून मेथीची जुडी घेऊन निघालात, तर ती कोमेजायच्या आत तुम्ही तिथे पोचता. पुणे नगर वाचन मंदिर, लक्ष्मी रस्ता, बुधवार पेठ. 2023 साली त्याला 175 वर्षं पूर्ण झाली.

आणि हे मला आत्ता कळतंय. लक्ष्मी रस्त्यावर आपण साड्यांसाठी जातो, सोन्यासाठी जातो, तुळशीबागेत शिरलो की काचेच्या बांगड्यांपाशी अडकतो. दुकानांच्या वरच्या पाट्या वाचायला मान वर करतो कोण? मंडईत उंच ओट्यावर बसून वांग्यांचा ढीग रचणाऱ्या मावशींना विचारलं, “वाचनालय कुठंय हो?” हातातला तराजू खाली न ठेवता त्या म्हणाल्या, “असं सरळ जा की. आधी कोथिंबीर घ्या.” घेतली.

1848 साली या वाचनालयाचं नाव होतं पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी. स्थापनेसाठी धडपडणाऱ्यांत होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी. वय किती? पंचवीस! त्याच वर्षी ते भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ती खरमरीत पत्रं लिहायला लागले. नाव ‘शतपत्रे’, भरली 108. शाळेत हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पण लोकांनी वाचावं म्हणून कानउघाडणी करणारा माणूस वाचायला पुस्तकं मिळावीत म्हणूनही झटत होता, हे कुणी सांगितलंच नाही!

थांबा, अजून आहे. त्याच 1848 साली, त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. जोतीराव विशीतले, सावित्रीबाई 17 वर्षांच्या. एक वर्ष, एक पेठ. इकडे वाचनालय, तिकडे मुलींची शाळा. पुस्तकं एका बाजूला आली आणि ती ज्यांच्या हाती कधी पडू दिली नव्हती, त्या मुली दुसऱ्या बाजूला अक्षरं गिरवायला लागल्या. दोन्ही घरांतलं अंतर चालण्याचं, पण समाजातलं केवढं! नुसत्या सनावळीत हे दिसत नाही. पायी फिरलं की अंगावर येतं.

आणि मंडईचीही या गोष्टीत गंमत आहे. जोतीराव नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या भव्य इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं. मंडई तरी बांधली गेलीच. 1886 साली ती सुरू झाली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं रे मार्केट म्हणून. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकारानं तिचं नाव झालं महात्मा फुले मंडई. ज्यानं विरोध केला, त्याचंच नाव इमारतीला! असला पुणेरी न्याय अत्र्यांनाच सुचावा. आता रोज हजारो लोक भाव करता करता ते नाव घेतात. त्यांतल्या किती जणांना हा वाद ठाऊक असेल?

वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो तारखांचा कागद असतो ना, शिक्क्यांवर शिक्के पडलेला, त्यावर माझा जीव आहे. आपल्या आधी कुणीतरी हे पुस्तक पावसाळ्यात नेलं, वेळेवर परत केलं नाही, पुन्हा नेलं. कुणाचंही नाव नाही, तरी ओळख होते. घरपोच येणाऱ्या कोऱ्या पुस्तकात ही मजा नाही, हे माझं ठाम मत.

वाचनालय टिकलं. मुलींची शाळा भरलेला भिडे वाडा मात्र आता नाही. स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये तो पाडला. त्याच्या समोरच्या दगडूशेठ गणपतीला जी रांग लागते, तिच्या शंभराव्या हिश्शाची रांग वाचनालयाच्या दाराशी लागली तरी पुरे.

मंडईत खरेदीला याल तेव्हा पिशवीत एका पुस्तकाची जागा ठेवा, लक्ष्मी रस्त्याला वळा आणि सभासद होण्याचा अर्ज मागा.