डोरा की डोळा?

परवाच्या रविवारी आमची पुस्तक-बैठक झाली. बैठक हा शब्द जरा मोठाच म्हणायचा. सावलीतल्या एका घराची ओसरी, दोन सतरंज्या, चहाची किटली आणि वीस-बावीस माणसं. महिन्यातून एकदा जमायचं, आपल्याच भागातल्या लेखकाने आपली नवी कथा वाचून दाखवायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि जमलं तर पुस्तक विकत घ्यायचं. फुकट मागायचं नाही, एवढाच काय तो नियम.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हे काय नवीन खूळ! सांगतो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकं सुरू होतात, ती पार होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचं मुख्य ठिकाण. गावात मंडई भरली की रात्री नाटक ठरलेलंच. धान कापून थकलेली माणसं तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. लिहिणारे बहुतेक इथलेच, आणि दरवर्षी नवी नाटकं येतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे आपल्या माणसाचं नवं लेखन इथल्या लोकांना नको असतं, असं मुळीच नाही. मात्र त्याच गावातला कथालेखक पदरचे पैसे घालून पुस्तक छापतो आणि गठ्ठे खाटेखाली पडून राहतात. नाटक गावात येतं, पुस्तक येत नाही. आमच्याकडच्या दुकानात वह्या आणि गाईड मिळतात, कथासंग्रह नाही.

मी तरी वेगळं काय केलं? 2012 साली चंद्रपूरला 85 वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. मी दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली. घरी येऊन पाहिलं तर त्यात आमच्या तालुक्यातल्या लेखकाचं एकही नव्हतं. ते तेव्हा मनाला लागलं, पण तेवढ्यापुरतंच.

असो. परवा वाचायला आला तो माझाच जुना विद्यार्थी. आता पन्नाशीला टेकलाय, शेती करतो. वाचायला सुरुवात करण्याआधी माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "सर, 'डोरा' चालेल ना?"

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चरकलो. झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा, पाण्याला पानी. नोकरीची सगळी वर्षं मी लाल शाईने 'डोरा'चा 'डोळा' करत आलो. परीक्षेसाठी ते करावंच लागे, पण मी तिथेच थांबलो नाही. वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचो आणि पोरं हसायची. या पोराने सातवीनंतर निबंधात चार ओळींपेक्षा जास्त कधी लिहिलं नाही. तो आळशी आहे असंच मी धरून चाललो होतो.

डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं. तिची स्वतंत्र साहित्य संमेलनं नव्वदच्या दशकापासून भरताहेत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या लाल शाईचा हिशेब समोर येऊन बसणं वेगळं.

त्याने रोवणीच्या दिवसांतली कथा वाचली. मागे बसलेल्या बायका, ज्यांच्या हाती मी कधी पुस्तक पाहिलं नाही, त्या नेमक्या जागी हसल्या आणि शेवटी नेमक्या जागी गप्प झाल्या. दंडार आणि खडीगंमत ऐकत वाढलेले कान ते! त्यांना अर्थ समजावून द्यावा लागला नाही. त्या दिवशी सात पुस्तकं खपली. त्यातलं एक घेतलं ते एका आजीने. तिला वाचता येत नाही. "नातू वाचून दाखवेल," म्हणाली.

मी दोन घेतली, एक माझ्यासाठी आणि एक पुण्याच्या नातीसाठी. सही करताना त्याने विचारलं, "सर, काही चुका असतील तर खुणा करून द्याल?"

पुस्तक वाचून झालंय. पेन्सिल हातात होती, पण एकही खूण केली नाही. नातीला पुस्तक पाठवतोय. तिने 'डोरा' म्हणजे काय विचारलं, की तुम्ही घरच्यांनी तिला नीट सांगा. चूक आहे असं मात्र सांगू नका.